चिकातलं मीठ

चाळीसगावजवळच्या खेड्यात काकूकडे कुरडया करायच्या होत्या. चुलत बहीण लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती. परत जाताना तिच्यासोबत द्यायला. गल्लीतल्या बायका पाळीने एकमेकींच्या मदतीला जातात. काकूची पाळी दुसऱ्या दिवशी पहाटे होती. ती चुकली, तर सणाआधी दुसरी मिळणार नव्हती.

तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक सकाळीच काढून पातेल्यात ठेवला होता. शेजारी वाडगाभर मीठ. घालायचं राहिलं असेल, असं समजून मी ते ओतलं आणि ढवळलंसुद्धा. कुणाला विचारलं नाही. विचारणं मला नेहमीच जड जातं. मीठ कैऱ्यांच्या लोणच्यासाठी काढलेलं होतं.

काकूने बोट बुडवून जिभेला लावलं. "पोरी, हाई तं बठ्ठं खारट शे!"

"फेकी दे आते," शेजारची अक्का म्हणाली. "इंग्रजी शाळानी पोर ना ती!"

 मी पातेल्याकडे बघत राहिले. चीक तळाशी बसतो, वरचं पाणी ओतून टाकतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. तीन भागांपैकी दोन भाग पाणी गेलं, तर त्यात विरघळलेलं मीठही एक तृतीयांशच उरेल. पुन्हा तेवढंच पाणी घालून, निवळून ओतलं, तर त्याचाही एक तृतीयांश. शाळेत याला जॉमेट्रिक प्रोग्रेशन म्हणायचो. भूमिती श्रेढी हा शब्द फार नंतर कळला.

"काकू, एवढ्या चिकाला मीठ किती लागतं?"

"मूठभर."

वाडग्यात नऊ मुठी मावत होत्या. नवाचे तीन, तिनाचा एक.

"दोनदा पाणी बदलू या."

दुपारी पहिलं पाणी ओतलं, संध्याकाळी दुसरं. काकूने तिसऱ्यांदा तांब्या उचलला. "आखो एक डाव. मनले बरं वाटी."

"नको," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "आता घातलं तर अळणी होईल. सकाळच्या आधणातही मीठ टाकू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

पहाटे चीक शिजला. अक्काने पळीवरचा घास फुंकून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी चुलीतल्या लाकडाकडे बघत होते.

"बरोबर शे," ती म्हणाली. मग सोऱ्या माझ्या हातात दिला. "ये, दोनदावाली. उद्या मन्हा घर पाळी शे. तूच मीठ टाकजो."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मीठ टाकण्याआधी मात्र विचारलं.