श्यामलालच्या बाजूचा दांडा

फुलचूरच्या दुधरामचे त्याच्या इवायाशी तीन वर्षे बोलणे नव्हते. इवाई श्यामलाल, म्हणजे सून दामिनीचे वडील. लग्नाच्या पंगतीत दुधराम म्हणाला होता, "मठ्ठा पातळ आहे." पातळ होताच. पण मुलाच्या बापाने ते भर मांडवात म्हणायचे नसते. तेव्हापासून श्यामलाल लेकीला सोडायला येई तो फाटकापर्यंत. तिथूनच स्कूटर वळवी.

खरे तर दोघे पोरवयाचे दोस्त. गोंदियात व्हिडिओ गेमच्या दुकानात एकाच यंत्रापुढे मिसरूड फुटले. यंत्रावर खेळाडू हलवायचा दांडा डावीकडे, बटणे उजवीकडे. श्यामलाल डावखुरा, बटणे डाव्या हातानेच दाबायचा, त्यामुळे हातावर हात आडवे टाकून खेळे आणि हरे. दुधराम जिंके आणि तेही बोलून दाखवी.

फोन करून चुकलो म्हटले असते तर काम मिटले असते. दुधरामने त्याऐवजी घरी तसले यंत्र बांधायला घेतले. पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला ते जड नव्हते. जुन्या टीव्हीभोवती प्लायवूडचे कपाट उभे राहिले. अडले ते बटणांपाशी. आवाज न करणारी महागडी बटणे त्याने परत पाठवली. टक् ऐकू आले नाही तर श्यामलाल हरल्यावर यंत्राला दोष देणार. दांड्याला गोल बोंड हवे की लांबट मूठ, यात आठवडा घालवला. मग फळीला भोके पाडली. आपल्या बाजूला दांडा डावीकडे, बटणे उजवीकडे. दुसऱ्या बाजूला नेमके उलट.

"हे उलटं कायले करून राहिले जी?" सुशीलाबाई म्हणाल्या. "फळी वाया गेली ना."

"राहू दे."

"खेळन कोन त्यावर?"

"खेळन कोनी."

दामिनी भात उतरवून बाहेर आली. तिने फळी पाहिली, सासऱ्यांकडे पाहिले, फळीचा फोटो काढून बाबांना पाठवला. खाली काही लिहिले नाही.

रविवारी स्कूटर फाटकाशी थांबली. वळली नाही. श्यामलाल आत आला, रामराम न करता स्टुलावर बसला, सवयीने हात आडवे टाकू लागला आणि थबकला. मग दांडा उजव्या हातात घेतला. पहिला डाव त्याने जिंकला. दुसराही.

"बटनं कडक आहेत जी," तो म्हणाला.

घरातले सगळे दुधरामकडे पाहू लागले.

"आहेत," दुधराम म्हणाला.

सुशीलाबाईंनी मठ्ठा आणला. पाण्यासारखा झाला होता. दुधरामने पेला एका दमात संपवला आणि तोंडातून शब्द काढला नाही.