शिट्टी वाजल्यानंतर

"हार-जीत तो लगी रहती है बेटा. अगली बार."

असं म्हणून प्रमुख पाहुण्यांनी माझ्या गळ्यात उपविजेत्याचं पदक घातलं आणि माझा गाल थोपटला. मी पस्तिशी ओलांडलेली बाई. एका मुलीची आई. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. आणि मी हरलेली नव्हते. अर्ध्या तासापूर्वी त्याच मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मी मॅच जिंकले होते.

माईक सरांच्या हातात होता. माझ्याच सरांच्या. ते माझ्याकडे बघत नव्हते.

काय झालं ते नीट सांगते. दिल्लीत दर हिवाळ्यात सरकारी खात्यांच्या स्पर्धा होतात. त्यात बायकांचा खो-खो असतो. आमच्या खात्याची कॅप्टन मी. त्या दिवशी फायनल होती आणि प्रमुख पाहुणे होते समोरच्या टीमच्या खात्याचे सगळ्यात मोठे साहेब. त्यांना उशीर झाला. खेळाडूंनी किती थांबायचं? पंचांनी मॅच सुरू केली. शेवटच्या डावात समोरच्या पाठलाग करत होत्या, आम्ही पळत होतो. आम्ही एका गड्याने पुढे होतो आणि मैदानात मी एकटी उरले होते. खांबाला वळसा घालून, दोघींना हुलकावणी देऊन मी पळत राहिले. छाती फुटायची वेळ आली तेव्हा शिट्टी वाजली. जिंकलो. पोरींनी मला उचललं.

मग लाल दिव्याची गाडी आली.

दिल्लीबाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे ही रीतच आहे. साहेब उशिरा आले की संपलेल्या मॅचचा शेवटचा डाव त्यांच्यासाठी पुन्हा खेळायचा. त्याला 'शो' म्हणतात. साहेब सोफ्यावर बसतात, काजू खातात, टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. निकाल आधीचाच राहतो. कुणाला त्यात गैर वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, हे सांगायला आता लाज वाटते.

सर धावत आले. मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "अगं, शो आहे. साहेबांचीच टीम आहे समोर, त्यांचं मन राख. दोघी-तिघी सहज बाद व्हा. निकाल आपलाच आहे, मी आहे ना?"

मी आहे ना. या तीन शब्दांवर माझं अख्खं आयुष्य उभं होतं. मी पोरींना सांगितलं, आरामात खेळा. मी स्वतः खांबाजवळ पाय ढिले सोडले. समोरच्या टीमची कॅप्टन एक मॅडम होती, थेट अधिकारी म्हणून लागलेली. तिने माझ्या पाठीवर हळूच हात टेकवला. साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आणि सरांनी माईकवर शुद्ध हिंदीत विजेता म्हणून त्यांच्या टीमचं नाव पुकारलं.

मी फळ्याकडे बघितलं. आमचे आकडे कुणीतरी ओल्या फडक्याने पुसले होते. फळा अजून ओला होता.

पदक गळ्यात घालूनच मी बसने घरी आले. काढायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं आणि सेक्शनमधला एकजण मोठ्याने म्हणाला, "डबल कोटे वाली हैं, फिर भी हार गईं." सगळे हसले. डबल कोटा म्हणजे माझी जात आणि माझा खेळ. त्या खुर्चीवर मी बारा वर्षं फायली उपसत होते, पण त्यांच्या हिशोबी मी तिथे बसलेच नव्हते, मला कुणीतरी बसवलं होतं.

सर कोण, ते सांगायला हवं. नाहीतर माझ्या जिव्हारी काय लागलं ते कळायचं नाही.

माझे वडील एका मंत्रालयात शिपाई होते. नागपूरहून आले, पहाडगंजला एका खोलीत राहिले. साहेबाच्या दाराबाहेर त्यांचं स्टूल असायचं. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचे. कॉरिडॉरमधून कुणीही सुटाबुटातलं गेलं की बाबा उठून उभे राहायचे. घास तोंडात असला तरी. त्या माणसाने बघितलं नाही तरी. एका जेवणात कितीदा उठायचे ते मी मोजायला लागले होते, मग मोजणं सोडून दिलं. मला रडू यायचं.

मी मराठी शाळेत होते. संध्याकाळी स्टेशनामागच्या एका मोकळ्या मैदानात सर पोरींना खो-खो शिकवायचे. स्वतः केंद्र सरकारात नोकरीला, पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ. त्यांनी मला पळताना बघितलं आणि म्हणाले, "या पोरीच्या पायात भिंगरी आहे." घरी येऊन बाबांना समजावलं. बूट घेऊन दिले. मला सूर मारायला शिकवलं, मान न वळवता मागचं ओळखायला शिकवलं. आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली. मी शिट्टी वाजल्यावर एका पोरीला बाद केलं होतं. सर ओरडले, "शिट्टी वाजली की खेळ संपला! मग देव आला तरी हात लावायचा नाही!"

ते वाक्य मी पाठ केलं. शाळेतल्या कविता विसरले, ते विसरले नाही.

खेळाच्या भरतीचा फॉर्म भरायलाही सरच बरोबर आले. नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मीही ठेवलं. सर मला मुलगी म्हणायचे. मी त्यांच्या घरी कितीतरी वेळा गेले. दरवेळी चहा गॅलरीत. काकू कप आणून द्यायच्या, कठड्यावर ठेवायच्या. आत कुणी बोलावलं नाही. मला वाटायचं, मी मैदानावरून येते, घामाघूम असते, म्हणून असेल. मी खरोखर असं मानत होते. किती वर्षं मानलं!

फायनलनंतरच्या रविवारी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून मी सरांकडे गेले. चहा गॅलरीतच आला.

मी विचारलं, "सर, असं का केलंत?"

ते कुंडीतली वाळकी पानं खुडत होते. म्हणाले, "मोठे साहेब एकदम खूश झाले गं. स्टेजवर चढतानाच म्हणाले, हमारी टीम जीत गई. आता त्यांना तोंडावर कोण सांगणार, की साहेब, ही तर नाटकाची मॅच होती?"

"तुम्ही सांगायचं होतं."

"मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. या स्पर्धांच्या कमिटीवर राहायचंय मला. त्यांच्या हातात आहे ते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुझं काय बिघडलं? नोकरी आहे, पगार आहे. जरा मागे वळून बघ, कुठून कुठे आलीस."

काय बिघडलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या खात्याच्या मैदानावर मुलींसाठी कोचची जागा निघणार होती. आमची टीम जिंकली तर कॅप्टनला ती मिळणार होती. मला ती हवी होती. दुसरं काही मी कधी मागितलंच नाही. माझे पाय आता दोन-तीन वर्षांचे पाहुणे होते. फायलींच्या ढिगात मरायचं नव्हतं मला. झुग्गी-झोपड्यांतल्या पोरी त्या मैदानाच्या जाळीला नाक लावून उभ्या असतात. त्यांना आत घ्यायचं होतं, मला घेतलं होतं तसं. हे स्वप्न मी फक्त सरांना सांगितलं होतं.

मी कप तसाच कठड्यावर ठेवला. खाली उतरताना जिन्यात कळलं, घामाचा काही संबंध नव्हता.

त्या वर्षी ती जागा कुणालाच दिली नाही. मी गप्प बसले. घरात लेकीवर खेकसत होते. पण सराव सोडला नाही. पहाटे धुक्यात पोरींना घेऊन पळायचे. आमच्यात रोहतकची एक होती, कविता. पायाला आणि जिभेला सारखीच धार. ती एकदा म्हणाली, "दीदी, इस बार भी जीत के हारना है क्या?"

पुढचा हिवाळा. पुन्हा फायनल. समोर तीच टीम. साहेब तेच, उशीर तोच. या वेळी शेवटच्या डावात पाठलाग आम्ही करत होतो. वेळ संपायच्या आत जिंकायला हवे होते तेवढे गडी आम्ही बाद केले. शेवटची मॅडम. कविताने सूर मारून तिचा खांदा गाठला. शिट्टी वाजली. जिंकलो. गाडी आली.

सर आले. वर्षभरात म्हातारे दिसायला लागले होते. म्हणाले, "शेवटचा डाव एकदा दाखवा. मॅडमला पकडू नका, वेळ संपेपर्यंत पळू दे. आणि ऐक, कोचची जागा या वेळी तुझीच. मी बोलून ठेवलंय. फक्त एवढं कर."

"निकाल?"

सर साहेबांच्या सोफ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "जागा तुला मिळतेय ना? मग?"

मी पोरींकडे गेले. सगळं सांगितलं. जागेचंही सांगितलं. "मैं नहीं खेलूँगी," म्हटलं, "तुम अपना देख लो." कविता म्हणाली, "तू बैठ जा दीदी. हम ना उठते."

खो-खोत पाठलाग करणाऱ्या आठ जणी ओळीने चौकोनात बसतात. एक उभी असते, तिने पळायचं आणि 'खो' म्हणत पाठीवर थाप देऊन बसलेलीला उठवायचं. थाप मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. आठ जणी जाऊन आपापल्या चौकोनात बसल्या. मी खांबाजवळ उभी राहिले. समोरच्या तिघी मैदानात आल्या. साहेब सोफ्यावर टेकले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. पंचाने शिट्टी वाजवली.

मी खाली बसले. मातीत. मांडी घालून.

पुन्हा शिट्टी. कुणी हललं नाही. मॅडम आणि त्यांच्या दोघी पळायच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या, मग हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मला कॉरिडॉरमधलं बाबांचं स्टूल दिसत होतं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? साहेबासमोर बसून राहणं आमच्या रक्तातच नव्हतं.

सर धावत आले. "अगं ऊठ! वेड लागलं का? सगळे बघतायत!"

"मॅच संपली, सर."

"ऊठ म्हणतो ना!"

"शिट्टी वाजली की खेळ संपला. तुम्हीच सांगितलंत."

मग साहेबांचा आवाज आला, "क्या प्रॉब्लम है इन लोगों का?" इन लोगों. मी बसल्या जागेवरून, पोटातून ओरडले, "साहब, मैच खत्म हो चुका है. हम जीत चुके हैं. आप लेट आए हैं."

टाळी एकही पडली नाही. साहेब उठले, गाडीत बसले, गेले. मांडव काढायला माणसं आली. फळ्यावरचे आमचे आकडे या वेळीही कुणीतरी पुसले. आमच्या भोवतीच्या खुर्च्या उचलून नेल्या, तरी आम्ही नऊ जणी बसून होतो.

रात्री बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बसलीस? साहेबासमोर?" आणि मग, "आता नोकरी जाईल." ते माझ्यावर रागावले नाहीत. घाबरले. त्यांना तसं घाबरलेलं बघून मला सरांचा जितका राग आला तितका मैदानातही आला नव्हता.

नोकरी गेलेली नाही, अजून तरी. मला निलंबित केलंय. टीम बरखास्त केली. कविताची बदली झाली. कोचची जागा सरांच्या भाच्याला मिळाली. चौकशी बसली आहे, माझ्यावर. प्रमुख पाहुण्यांचा अवमान आणि शिस्तभंग. सरांनी तिथे जाऊन सांगितलं, की मॅच संपलेलीच नव्हती. तांत्रिक कारणाने थांबवली होती, आणि मी पुढे खेळायला नकार दिला.

ते ऐकलं तेव्हा मी रडले नाही. बूट घेऊन देणारा माणूस त्या दिवशी माझ्यापुरता मेला.

उद्या माझी सुनावणी आहे. सगळे सांगतात, सॉरी म्हण, विषय संपव. सेक्शनमधले सांगतात, नवरा सांगतो, बाबा हात जोडून सांगतात. सर आतल्या खोलीत असतील, मला माहीत आहे, चौकशीवाल्यांच्या शेजारी, खुर्चीवर.

मी सॉरी म्हणणार नाही. मी जाईन, उभं करून ठेवलं तर खुर्ची मागेन, आणि बसून सांगेन. मॅच संपली होती. शिट्टी वाजली होती. फळ्यावर आकडे होते आणि ते पुसले गेले. कुणी पुसले, कुणाच्या सांगण्यावरून पुसले, गेल्या वर्षी कुणी पुसले होते, हे आता मी विचारणार. मला जे विचारतील त्याचं उत्तर देईन, आणि मी जे विचारेन त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठणार नाही.