पाण्याच्या थेंबातले आठ पाय

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर किरटं, त्याची माफी आधीच मागते.

आज तुळशीला पाणी घालताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर थेंब पडला आणि त्यातून मंजिरी टपोरी दिसली. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली आणि राग वर आला.

तेव्हा रोहण्याला, आमच्या गावी, शेतातली वांगी सुकत होती. कृषी केंद्रवाल्याने पान न बघताच फुलकिड्यांचं महागडं औषध दिलं होतं. दोन फवारण्या वाया गेल्या. मग मी काडीने कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवला, मोबाइल हळूच उलटा केला आणि श्वास रोखून पान थेंबाजवळ नेलं. फोटोतल्या लाल ठिपक्याला पाय होते. आठ. किड्याला सहा पाय आणि कोळ्याला आठ, हे मी चौथीत शिकले होते. म्हणजे हा फुलकिडा नव्हता, लाल कोळी होता, आणि औषधच चुकीचं होतं.

फोटो दाखवायला मी नवऱ्यासोबत कृषी केंद्रात गेले. “वहिनी आता पाण्याच्या थेंबानं तपासणी करून राह्यली,” केंद्रवाला गिऱ्हाइकांकडे बघून हसला.

“भाऊ, पाय मोजा,” मी कसंबसं म्हटलं.

त्याने दोनदा मोजले आणि गल्ला उघडला.

त्या दिवशी मी आनंदाने घरी आले होते. आता आठवलं की चीड येते. दोन्ही फवारण्यांचे पैसे त्याने पूर्ण परत केले, पण माझ्यासमोरून हात लांब करून, मागे उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात.