खानझोडे सर आणि ‘नाइस’

खानझोडे सरांच्या घरी चहा पिऊन कुणी ‘नाइस’ म्हटलं की सर विचारत, “नाइस म्हणजे काय? गोड आहे? कडक आहे? की तुम्हाला घरी जायची घाई आहे?”

भोपाळच्या अयोध्या नगरात मी त्यांचा शेजारी. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायचा क्लास घेत. दारावर पाटी होती : ‘चपला बाहेर, नाइस बाहेर.’ विद्यार्थ्यांना एकच मंत्र, “भई, नाइस मत बोलो, बात बोलो.”

माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “मंडप भक्कम होता.” ते खोटं बोलले नाहीत याचं मला बरं वाटलं. बायकोला नाही.

त्यांच्या मुलीला, चारूला, बघायला चार इमली भागातले मोहरील मुलाला, समीरला, घेऊन आले. सरांनी मलाही बोलावलं होतं. पोहे झाले. मोहरीलांनी विचारलं, “कसा वाटला आमचा समीर?”

सर बराच वेळ विचार करून म्हणाले, “नाइस आहे.”

मोहरील खूश झाले. ते सरांना सहन होईना. “गैरसमज नको. म्हणजे सांगण्यासारखं काही सापडलं नाही. पूर्वी या शब्दाचा अर्थ मूर्ख असाही होता. पण तेवढं मी म्हणत नाही.”

पाहुणे चहा न घेताच उठले. चारू दोन दिवस वडिलांशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी समीर एकटाच वही घेऊन आला. “सर, दुसरं विशेषण मिळेपर्यंत मी क्लासला येतो.”

तो महिनाभर आला. रोज संध्याकाळी सर मला कुंपणावरून निकाल सांगत. “आज वक्तशीर.” “आज फार बडबड्या.” एकदा जरा पडेल आवाजात, “आज माझी चूक काढली. बरोबर काढली.” विशेषणांनी समीरच्या वहीचं पान भरलं, पण त्यातलं एक काही सरांना निवडता येईना.

शेवटी एका संध्याकाळी क्लासच्या खोलीत जाऊन मी म्हटलं, “सर, चारूला विचारलंत का?”

विचारलं नव्हतं. त्यांनी तिला हाक मारली. समीर समोरच बसला होता.

“कसा आहे हा? नीट विचार करून सांग.”

“नाइस आहे,” चारू म्हणाली.

दुरुस्त करायला सरांनी तोंड उघडलं. चारू खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. सर तिच्याकडे बघतच राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि हळूच मला म्हणाले,

“मोहरीलांना फोन लावा. म्हणावं, अर्थ लागला.”