चंद्रावरच्या रात्रीसाठी निखारा

माह्या लहान भावाले, चंद्रभानले, कोणी येडा म्हटलं तर मी आजही भांडते. होता तो येडाच. पण ते घरच्या माणसानं म्हणाव, शेजाऱ्यानं नाई.

खापरखेड्याच्या वीजघरात तो बॉयलरवर होता. भट्टीच्या भिंतीले एक बारकं भोक, त्यातून आतला जाळ पाहायचा अन् बरा आहे का बिघडला ते सांगायचं. नुसत्या डोळ्यानं तो जाळ पाहवत नाई, म्हणून त्याच्या खिशात कायम निळी काच. इतकी वर्षं त्या काचेनं त्याचे डोळे राखले. कॉलनीतल्या दोन खोल्या, पगार, घरची चूल, सारं त्या डोळ्यांवर चालून राहिलं होतं. नवरा गेल्यावर मीही त्याच्याच आसऱ्याले आली.

माणसं चंद्रावर उतरली त्या साली त्याच्या डोक्यात किडा शिरला. सारी कॉलनी रेडिओ ऐकून खुश, अन् हा जेवता जेवता म्हणे, "बाई, उद्या लोक तठी राहायले गेले तर चूल कशावर पेटवतीन? तठी हवा नाई. आपला कोळसा नेला तरी पेटणार नाई."

"तुले कोणी बोलावणं धाडलं काय गा? अठीचं रॉकेल पाह्य आधी."

"ऊन आहे तठी. पण पंधरवडाभर ऊन अन् पंधरवडाभर रात्र. मंग उन्हाची ऊब त्या रात्रीसाठी ठेवाव कशी?"

मी तवा चुलीपुढं बसून गोवरीचा निखारा राखेत दाबून राहिली होती, सकाळी काडी ओढा लागू नये म्हणून. आमच्या मायनं तेच केलं, तिच्या मायनंही. तो माह्या हाताकडं पाहतच राहिला. भात थंडा झाला, हात तसाच ताटात.

रविवारी त्यानं अंगणात खड्डा खोदला. न्हाव्याकडचे फुटके आरसे आणून एका चौकटीवर बसवले. त्या आरशांचं ऊन घमेल्यातल्या दगडांवर पडे; दगड तापले का खड्ड्यात टाकायचे अन् वरून वीजघराची राख. रोज सकाळी राखेत हात खुपसून पाहायचा, किती ऊब राहिली म्हणून. आधी रातभर राहे, मंग दोन-तीन दिवस. पंधरवडा काही होईना. लोक त्याले 'चंद्रावरचा ठेकेदार' म्हणत. तो हासे. दहा वर्षं हासतच होता लेकाचा.

सूर्याकडं मात्र तो कधी पाहत नसे. चौकटीले एक खिळा ठोकला होता. खिळ्याची सावली नाहीशी झाली का समजायचं, आरसे बरोबर सूर्यासमोर आहेत.

मंग ऐंशी सालचं ग्रहण आलं. त्याची बायको पंचफुला, फार वर्षांनी तिले दिवस गेले होते, सातवा चालू होता. मी तिले आतल्या खोलीत निजवलं, विळा-सुरी उचलून ठेवली, पाण्यात तुळशीचं पान टाकलं. सारी कॉलनी दारं लावून बसली होती. अन् हा अंगणात.

"काहून निघाला गा? लेकराचा तरी विचार कर."

"बाई, चंद्र झाला का लोक मंगळावर जातीन. तठी ऊन आपल्या निम्म्याहून कमी. तसं कमजोर ऊन मले पुन्हा कधी भेटन? त्यात दगड तापते का, तेवढं पाहू दे." मंग दाराआडून बायकोले म्हणे, "पंचफुला, लेकरू कोणावर गेलं ते मीच सांगीन बरं. पहिलं तोंड मीच पाहीन."

ऊन मरत गेलं तशी खिळ्याची सावलीही फिक्की पडली. दिसेचना. आरसे कुठी वळवाव ते समजेना. तवा त्यानं खिशातून काच काढली अन् वर पाहिलं. एकदा नाई, घडीघडी पाहिलं. बॉयलरवर ज्या काचेनं कधी दगा दिला नाई, ती अठी काहून देईन? भरवशाच्या म्हशीले टोणगा, म्हणतात ना, तसं झालं.

दिवेलागणीले म्हणे, "बाई, तुह्या तोंडावर डाग कशाचा?" मी पदरानं पुसलं. डाग गेला नाई.

नागपूरले धंतोलीतल्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, "भट्टीची काच सूर्याला चालत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जळालाय. कडेकडेनं दिसेल, पण ज्याच्याकडे सरळ पाहाल तेच दिसणार नाही." पंचफुलानं विचारलं, परत कधी येईन. डॉक्टर म्हणाला, येत नाही. येताना सारा रस्ता ती पोटावर हात ठेवून रडत होती.

शेजारीण म्हणे, ग्रहणानं सूड घेतला. मी तिच्या दारात जाऊन तिचा उद्धार केला. पण घरी येऊन मीही रडलीच.

भट्टीचं काम गेलं. साहेबानं दया करून त्याले झाडाईले पाणी घालायले लावलं. खड्डा त्यानं आपल्याच हातानं बुजवला. चंद्राचं नाव काढणं सोडलं, मंग हासणं सोडलं, मंग बोलणंच सोडलं. मी चुलीतला निखारा राखेत दाबला का तो तोंड फिरवते. माणूस जित्तेपणी विझते, ते मी घरात पाहिलं.

पोरगी झाली, कौसल्या. सारे म्हणतात बापावर गेली. त्याले काय सांगाव? तो तिच्याकडं पाहते तवा मान बाजूले वळवून पाहते, डोळ्याच्या कोपऱ्यानं जेवढं भेटते तेवढं. एखादी वेणी, एखादा कान.

आता पाच वर्षांची आहे. तिले वाटते, बाबा आपल्यावर रुसला. काल त्याच्या मांडीवर चढली, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून आपल्यासमोर वळवलं अन् म्हणे, "बाबा, माह्याकडं पाह्य ना."

त्यानं मान सरळ केली. मले माहीत होतं आता त्याले काय दिसते. पोरगी खुश होऊन हासली अन् म्हणे, "असंच राह्य." अन् तो तसाच राहिला.