दोन दिवस वाट पाहा

आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक उपचार केंद्र आहे. सुया, पाठीला चिकटवायचे कप, तेलाचे मालीश आणि वाफ यांच्या चार खोल्या. बाहेर एक लांब बाक, पाण्याचे यंत्र आणि काउंटर. त्या काउंटरवर अकरा वर्षे ज्या बाई बसल्या त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. हे नाव त्यांच्या सासूने ठेवलेले. "दिवसभर परक्यांची चौकशी करते, आणि घरात म्हातारी जेवली का हे विचारायला हिला तोंड उरत नाही," असे सासूबाई जिन्यात उभ्या राहून भेटेल त्याला ऐकवत. दोघी तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत राहत.

नवरा गेला तेव्हा बाई चौतीस वर्षांच्या होत्या. पुढची दोन वर्षे त्यांनी एका लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली आणि उजवा खांदा जाम करून घेतला. हात कानाच्या वर जाईना. केस सासू विंचरून देई, आणि विंचरताना मनातले सगळे हिशेब वेणीत चुकते करी. अशा वेळी कोणीतरी त्यांना खालच्या केंद्रात पाठवले. तिथले सर पदवीचे डॉक्टर नव्हते. पेशंट त्यांना डॉक्टर म्हणत आणि सर ते ऐकून घेत. पण हाताला गुण होता. तिसऱ्या बैठकीनंतर बाईंचा खांदा इतका ठणकला की दोन दिवस त्या भिंतीला टेकून बसल्या. तिसऱ्या दिवशी तो सुटू लागला. आठ बैठका झाल्यावर बाईंनी आपले केस आपल्या हाताने विंचरले, आणि त्याच महिन्यात सरांनी त्यांना काउंटरवर बसवले. त्या जे सांगत ते पगारासाठी सांगत नव्हत्या. त्यांचा त्यावर विश्वास होता, आणि पुढचे सगळे त्या विश्वासातूनच घडले.

दिवसाला तीस-चाळीस फोन येत. लोक तेच ते विचारत, पण प्रत्येकाला वाटे की हे आपल्याच एकट्याच्या डोक्यात आले आहे. सुई दुखते का? सुई नवीन असते ना? उपाशीपोटी यायचे की खाऊन? रक्तदाबाची गोळी बंद करू का? कपडे किती काढावे लागतात, आणि आत बाई असते की पुरुष? किती बैठकांत बरे वाटेल? एकदा एका गृहस्थांनी विचारले, "कपचे डाग किती दिवस राहतात हो? घरी बायको विचारेल."

"आठ दिवस. विचारलं तर खरं सांगा की."

"खरं सांगून पटलं असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?"

बाई खळखळून हसत. माझ्या मानेसाठी मी तिथे काही महिने जात होतो, तेव्हा बाकावर बसून हे संभाषण ऐकणे हा अर्धा उपचार होता.

सरांनी नेहमीच्या चौदा प्रश्नांची उत्तरे एका कागदावर छापून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती. गोळीबद्दलचे उत्तर स्वच्छ होते: आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका. बाई ते कधी चुकल्या नाहीत. नववा प्रश्न होता, उपचारानंतर त्रास वाढला तर? त्याचे छापील उत्तर पूर्वी असे होते: सरांशी बोलणे करून द्या. पण सर आत कोणाच्या तरी पाठीत सुया टोचत असत. त्यांना बाहेर येता येत नसे, आणि फोन करणारा माणूस ताटकळून फोन ठेवून देत असे. तेव्हा बाई आपल्या अनुभवाने सांगू लागल्या, "दोन दिवस वाट पाहा. माझा खांदासुद्धा आधी दुखला आणि मग सुटला." लोक खरोखरच शांत होत. बहुतेकांना दोन दिवसांत बरेही वाटे. सरांनी ते एकदा आतून ऐकले, त्यांना आवडले, आणि पुढच्या वेळी कागद छापला तेव्हा नवव्या प्रश्नापुढे बाईंचे वाक्य आले. बाईंनी तो कागद घरी नेऊन सासूला दाखवला होता.

"तुझं बोलणं छापायच्या लायकीचं झालं म्हणायचं," सासू म्हणाली. "आम्ही मेले फुकट ऐकत आलो."

कोपऱ्यावरचे टेलरमास्तर कंबर घेऊन आले, ते मी जाणे बंद केल्यानंतर. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. तीस वर्षे शिलाई यंत्रावर वाकून त्यांची पाठच धनुष्यासारखी झाली होती, आणि आता डाव्या पायातून कळ जाई. दुकानात त्यांची बायको काजे-बटणे करी. चौथी बैठक एका सोमवारी झाली. संध्याकाळी त्यांनी फोन केला.

"ताई, कळ वाढलीय. आता उजव्या पायातही उतरलीय."

"चौथ्या बैठकीला होतं असं. दोन दिवस वाट पाहा, मास्तर."

बुधवारी त्यांचा पुन्हा फोन आला. आवाजात थोडी मजा होती.

"ताई, कळ उतरली. पण एक गंमत झालीय. स्टुलावर बसलो तर स्टूल लागतच नाही. दुसऱ्या कोणाच्या बुडाखाली आहे असं वाटतं."

बाई हसल्या. "दुखणं गेलं ना? मग गादी घेतल्यासारखं समजा. उतरताना सुन्न वाटतंच. दोन दिवस बघा."

शुक्रवारी दुपारी त्यांनी तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी ते अडखळत होते. बाईमाणसाशी बोलायचे ते नव्हते.

"ते… पाणी अडल्यासारखं होतंय. उभं राहावं लागतं बराच वेळ. सरांना जरा विचारता का?"

सर आत होते. बाकावर पाच जण होते, दुसरा फोन वाजत होता. "उष्णता झाली असेल, पाणी जास्त प्या," बाई म्हणाल्या. "सर आत आहेत. दोन दिवसांत उतरलं नाही तर सोमवारी या."

तिन्ही वेळा दोन दिवस नव्याने सुरू झाले. काउंटरवरच्या वहीत बैठकांच्या वेळा लिहिल्या जात. प्रश्न लिहायची पद्धत नव्हती. उत्तर दिले की प्रश्न डोक्यातून पुसला जाई. बाईंच्या हिशेबी तो सोमवारचा एक माणूस, बुधवारचा एक आणि शुक्रवारचा एक, असे तीन वेगवेगळे फोन होते. आवाज त्यांनी प्रत्येक वेळी ओळखला होता. माणूस जोडून पाहिला नाही.

रविवारी मास्तर दुकानाच्या पायरीवर कोसळले. इस्पितळात सर्जनने पहिला प्रश्न विचारला, बसायची जागा सुन्न कधी झाली? मास्तर म्हणाले, बुधवारी. सर्जन म्हणाला, त्याच दिवशी यायला हवे होते. मणक्यातली चकती सरकून शेवटच्या शिरांचा गुच्छ दाबला गेला होता; असा दाब तासांच्या हिशेबात काढावा लागतो, दिवसांच्या नाही. शस्त्रक्रिया झाली. पाय घोट्यापासून लोंबतेच राहिले, त्यांना स्पर्श कळेना. लघवीला नळी लागली.

मंगळवारी मास्तरांचे थोरले भाऊ केंद्रात आले. त्या भावाचा घरात शब्द चाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "माझा भाऊ म्हणतो, त्याने तीनदा विचारलं आणि तुम्ही थांबायला सांगितलं." सर बाहेर आले होते. हातात मोजे तसेच होते. त्यांनी बाईंकडे वळून विचारले, "यांच्या भावाने काय विचारलं होतं?"

बाई मला नंतर म्हणाल्या, "मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. वहीकडे बघितलं. वहीत सोमवारची वेळ लिहिलेली होती. मी म्हटलं, वेळेसाठी फोन होता."

भावांनी मान हलवली आणि ते गेले. एका वाक्याने त्या घराचा निकाल लागला. मास्तर भुलीच्या औषधांनी गोंधळले आहेत, आणि नवऱ्याचे अंग सुन्न होत असताना शेजारी बसून बटणे लावणाऱ्या बायकोला काही कळले नाही, असे ठरले. दुकान थोरल्या भावाने ताब्यात घेतले. "जिला माणूस सांभाळता आला नाही ती दुकान काय सांभाळणार?" हे त्यांनी इस्पितळाच्या वऱ्हांड्यात चार नातेवाइकांसमोर म्हटले.

त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरांची बायको केंद्रात आली आणि बाकावर बसून राहिली. तिचा नंबर नव्हता. बाकावरचे लोक संपले तेव्हा ती उठून काउंटरशी आली.

"ताई, मी भांडायला नाही आले. एवढंच सांगा, ह्यांनी विचारलं होतं का? मी गुरुवारी म्हटलं होतं, इस्पितळात जाऊ. तर हे म्हणाले, क्लिनिकवाल्या बाईंनी दोन दिवस सांगितलेत. मी गप्प बसले. आता दीर म्हणतात, तू रचून सांगतेस. ते सोसलं मी. पण काल हे स्वतःच म्हणाले, कदाचित मी विचारलंच नसेल, मला तसं वाटलं असेल. पाय गेले ताई, आता डोक्यावरचाही भरवसा जाईल त्यांचा."

बाईंनी वाजणारा फोन उचलला. ती निघून गेली.

त्या संध्याकाळी बाईंनी सासूला सगळे सांगितले. भिंत पातळ असल्याने मला ऐकू येत होते. मी टोमण्याची वाट पाहत होतो. टोमणा आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा छातीत दुखतंय म्हणाला तेव्हा मी त्याला ओवा दिला होता. तुला ठाऊक नाही ते. तू बाजारात गेली होतीस. तेरा वर्षं झाली, मी कोणाला सांगितलं नाही. तू सांगून ये."

सकाळी बाईंनी सरांना सांगितले. सर वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. "सुया कमरेच्या स्नायूत होत्या. चकती आपण सरकवली नाही," ते म्हणाले. हे खरेच होते, सर्जननेही तेच म्हटले होते. "तुम्ही बोललात तर त्यांचे पाय परत येणार आहेत का? इथे सहा माणसांची पोटं आहेत."

"पाय नाही यायचे, सर."

"मग कशासाठी?"

"त्यांनी विचारलं होतं म्हणून."

"जा. पण मग इथे परत येऊ नका."

एकटीने जायचे धाडस होईना म्हणून त्या मला सोबत घेऊन गेल्या. इस्पितळात आठ खाटांच्या खोलीत मास्तर खिडकीपाशी होते. थोरले भाऊ खुर्चीत बसले होते, बायको उभी होती. बाईंनी नमस्कार केला नाही, पाणी घेतले नाही. उभ्याउभ्याच, फोनवर बोलत तशाच स्पष्ट आवाजात त्यांनी सांगितले.

"मास्तरांनी तीनदा फोन केला. सोमवारी कळ वाढली म्हणाले. बुधवारी बसल्यावर स्टूल लागत नाही म्हणाले, त्यावर मी हसले. शुक्रवारी लघवी अडते म्हणाले आणि सरांना विचारा म्हणाले. मी विचारलं नाही. तिन्ही वेळा मी दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

थोरले भाऊ उठले. "हे आता सांगताय? आठ दिवस मी हिला…" पुढचे वाक्य त्यांना पुरे करता आले नाही, कारण त्या वाक्यात ते स्वतःच दोषी सापडत होते. मग ते बाईंवर ओरडले, नर्स आली, शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. लेखी द्या, म्हणाले. बाईंनी तिथेच, नर्सकडून कागद मागून, लिहून दिले. सहीखाली तारीख घातली. कागद घेऊन भाऊ तरातरा वऱ्हांड्यात गेले. वहिनीकडे त्यांनी पाहिले नाही.

मास्तर छताकडे बघत पडले होते. "म्हणजे बुधवारी स्टुलाचं मी बोललो होतो," ते हळू म्हणाले.

"बोलला होतात."

"तुम्ही हसला होतात."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले ते रडतील. पण त्यांचा चेहरा हरवलेली वस्तू सापडलेल्या माणसासारखा झाला होता.

 बायकोने ना दोष दिला, ना माफी. खोलीतल्या घड्याळाकडे पाहून तिने पांघरूण बाजूला केले. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत, आणि आज त्या कामाला उशीर झाला होता.

"आलाच आहात तर पाय धरा," ती बाईंना म्हणाली. "मला एकटीला होत नाही. मी खांद्याकडून वळवते."

बाईंनी पर्स जमिनीवर ठेवली आणि दोन्ही घोटे हातात घेतले. बारीक माणसाचे पाय इतके जड कसे लागतात, असे त्या मला परतताना म्हणाल्या. बायकोने खांद्याखाली हात घातले. मास्तरांचे तोंड भिंतीकडे होते. त्यांना पायाकडचे दिसत नव्हते.

"धरलेत का?" त्यांनी विचारले.

"धरलेत," बाई म्हणाल्या.