लाइनमन बरा झाला

छत्तीस वर्षं लाइनमन विजेच्या खांबांवर चढला. वादळात चढला, गारठ्यात चढला, आणि कधी बोटभरही घसरला नाही. पडला तो न्हाणीघरात, साबणाच्या वडीवर पाय पडून. "वरनं पडलो असतो तर निदान नाव तरी झालं असतं," असं तो इस्पितळात म्हणाला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस टाके दुखेपर्यंत हसला.

खुब्याचं हाड जुळलं आणि सरकारी मदतनीस घरी येऊ लागली. आठवड्यातून तीन दिवस, अकरा वाजता. आंघोळीला हात द्यायचा, चालण्याचा सराव करून घ्यायचा, चार घास रांधून ठेवायचे. ही सोय व्हावी म्हणून तरुणपणी लाइनमन मोर्च्यात चालला होता. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, एवढंच तेव्हा मागितलं होतं. मागितलं ते पदरात पडलं. आता बघायला तोंडच उरलं नव्हतं.

आधी तसा राबता होता. खालच्या मजल्यावरचा शिंपी पहिले पंधरा दिवस रोज वर यायचा, डबा ठेवायचा, गिऱ्हाइकांच्या वाढत्या पोटांच्या गोष्टी सांगून जायचा. मदतनीस सुरू झाली आणि त्याची पावलं जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थांबू लागली. "आता सरकारचं माणूस आहे तुम्हाला, आमची लुडबूड कशाला?" तो म्हणाला, आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. परगावची लेकही फोनवर विचारायची, "बाबा, बाई येते ना? मग माझा जीव भांड्यात पडला." जीव भांड्यात पडला की फोन ठेवायची.

राहिली मदतनीस. चाळिशीची, जिभेनं फटकळ, हातानं मऊ. ती यायची म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार यांना वार म्हणायचं. बाकीचे नुसते उजाडायचे आणि मावळायचे.

आणि तिच्याच हाताच्या गुणानं लाइनमन सुधारत गेला. चौथ्या महिन्यात काठीशिवाय चालू लागला. पण हे त्यानं तिला कळू दिलं नाही. माणूस चालता झाला की मदत बंद, हा नियम त्याला ठाऊक होता. जिन्यात तिची चप्पल वाजली की तो काठी धरायचा, तोंड वाकडं करायचा आणि लंगडायचा.

"काका, परवा उजवा पाय दुखत होता. आज डावा?"

"दुखणं फिरतं असतं गं."

"आणि वरच्या फळीवरचा डबा कुणी काढला?"

"शिंप्यानं दिला काढून."

"शिंपी जेमतेम माझ्या खांद्याला लागतो," ती म्हणाली, आणि डबा परत वर ठेवला.

पाचव्या महिन्यात तपासनीस बाई आल्या. हातात फॉर्म, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांत जमलं तर माणूस बरा. लाइनमननं आठवडाभर लंगडण्याचा सराव केला होता. उठताना कण्हला, वाटेत कपाट धरलं, वळताना देवाला हाक मारली. एकतीस सेकंद लागले.

तपासनीस बाईंनी मान हलवली. "पाच महिन्यांत काडीचा फरक नाही." त्या मदतनिशीकडे वळल्या. "तुम्ही सराव नीट घेतलेला दिसत नाही. शेरा मारावा लागेल. पुढच्या आठवड्यापासून इथं दुसरी बाई पाठवते."

ज्या माणसासाठी लाइनमन लंगडला, तेच माणूस चाललं होतं, तेही डाग घेऊन. मदतनिशीनं "काका चालतात" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती मोरीपाशी उभी राहून बंदच असलेला नळ घट्ट करत राहिली.

खांबावर चढलेल्याचा जीव खालून 'लाइन बंद आहे' म्हणणाऱ्या गड्याच्या शब्दावर असतो. आपली चूक गड्याच्या नावावर लाइनमननं कधी लावली नव्हती.

"घड्याळ लावा," तो म्हणाला.

"अहो, झालं की एकदा."

"परत लावा."

काठी त्यानं पलंगावर फेकली. उठला, गेला, वळला, बसला. नऊ सेकंद.

तपासनीस बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग मघाशी?"

"मघाशी सोंग केलं. शेरा मारायचा तर माझ्यावर मारा. हिनं मला पायावर उभं केलं, हे लिहा. माझ्यासमोर लिहा."

त्यांनी लिहिलं. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ लिहिली: मदतीची गरज नाही.

मदतनीस दारात घुटमळली. "कशाला उठलात, काका? असले शेरे मी बघितलेत."

"मी नाही बघितले."

"शेजारच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई आठ महिने यादीत आहेत, अंथरुणाला खिळून. तुमचे तास त्यांना जातील."

"मग चांगलंच झालं की."

अधूनमधून येत जाईन, असं ती म्हणाली नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

लेकीला कळवलं तर तिकडून आनंदाचा चीत्कार आला. "बाबा, खरंच? मग पुढच्या महिन्यात येणार होते, ते आता सावकाश येते."

सोमवारी अकरा वाजून गेले. लाइनमन थोडा वेळ खिडकीशी उभा राहिला. मग त्यानं इस्त्रीचा सदरा घातला, छातीवरचं बटण मुठीत धरून हिसडा दिला, आणि तुटलेलं बटण खिशात टाकून काठीशिवाय जिना उतरला.

शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आज बाई आल्या नाहीत वाटतं?"

"बंद झाल्या."

"का हो?"

"बरा झालो."

"मग तर काही प्रश्नच नाही!" शिंपी मनापासून म्हणाला आणि पुन्हा पाय चालवू लागला.

लाइनमननं खिशातलं बटण त्याच्या फळीवर ठेवलं. शिंप्यानं सदऱ्याच्या भोकाकडं पाहिलं, लोंबणाऱ्या धाग्याकडं पाहिलं, आणि मशीन थांबवलं.

"बसा दोन मिनिटं."

"घाई नाही," लाइनमन म्हणाला, आणि स्टूल ओढून बसला.